वेडी बाभूळ आणि चुलीचा निवाडा

परक्या झाडाचे सरपण चांगले की वाईट, हे कोण ठरवते? मूळची अमेरिका खंडातली वेडी बाभूळ १८७७ साली बियांच्या रूपाने भारतात आली. वनखात्याने पाहिले ते तिचे अवर्षणात तगणे आणि झपाट्याने वाढणे. चुलीपुढच्या बाईच्या कसोट्या निराळ्या : ओले लाकूड पेटते का, निखारा किती टिकतो. त्यांना ती उतरली. काटे मात्र मोळी बांधणाऱ्या हातांनी सोसले, आणि गायराने तिने गिळली. दप्तरात लागवडीचे साल सापडते, चुलीचा निवाडा सापडत नाही. तो नावात उरला आहे. सरपणाला नावाजलेल्या बाभळीच्या पंगतीत लोकांनी तिला बसवले, आणि वर 'वेडी'ही म्हटले. इतिहासाचे साधन म्हणून आम्हांला हे विशेषण दप्तराइतकेच मोलाचे वाटते.