नव्या आवृत्तीची दवंडी

अभ्यासक्रम बदलला की शाळेत परिपत्रक येते. शिक्षण खात्याकडे शाळांची यादी असते, पुस्तकांची भांडारे ठरलेली असतात, आणि जूनमध्ये एखादा मुलगा जुने पुस्तक घेऊन वर्गात आलाच तर ते शिक्षकांच्या लगेच ध्यानात येते. संगणकाच्या जगात मात्र एक मोठा प्रांत असा आहे, की तिथे मुळात यादीच नसते. ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली सर्वांना वाचायला, वापरायला, बदलायला आणि पुढे वाटायला खुली असते, त्याला मुक्त स्रोत म्हणतात. ते कोण कोण वापरते याची नोंद त्याच्या कर्त्यांकडे नसते. विक्री नाही, पावती नाही, तेव्हा गिऱ्हाइकाचा पत्ताही नाही. मग नवी आवृत्ती निघाल्याची वार्ता पोचवायची कशी? या प्रश्नाचा इतिहास तांत्रिक शोधांच्या इतिहासाइतकाच उद्बोधक आहे. फक्त तो फारसा सांगितला जात नाही.

त्यातही फ्रेमवर्कच्या आवृत्तीला विशेष महत्त्व आहे. फ्रेमवर्क म्हणजे काय हे सोलापूरकरांना समजावणे सोपे आहे. पारंपरिक सोलापुरी चादर जेकार्ड मागावर विणली जाते. नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असते. पुठ्ठे बदलले की नक्षी बदलते, माग तोच राहतो. दर नव्या चादरीसाठी कोणी नवा माग बांधत नाही. संकेतस्थळ किंवा कार्यालयीन प्रणाली तयार करणाऱ्यालाही प्रत्येक वेळी तीच कामे करावी लागतात: वापरणाऱ्याची ओळख पटवणे, भरलेला अर्ज स्वीकारणे, माहिती साठवणे, ती पडद्यावर मांडणे. ही कामे करणारा तयार माग म्हणजे फ्रेमवर्क. आपण फक्त आपली नक्षी द्यायची. पण मागाच्या फणीचा दात वाकडा असेल तर त्यावर विणलेल्या प्रत्येक चादरीत तीच रेघ उमटते. फ्रेमवर्कमधला दोषही असाच हजारो ठिकाणी एकाच वेळी उमटतो, आणि तो दुरुस्त झाल्याची बातमी त्या हजारो ठिकाणी जावी लागते.

आरंभी हे काम टपालाने होत असे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत बिल जॉय या विद्यार्थ्याने १९७८ साली युनिक्स प्रणालीसाठी केलेल्या सुधारणांचा संच चुंबकीय फितींवर भरून इतरांना पाठवायला सुरुवात केली. पहिल्या संचाच्या सुमारे ३० प्रती गेल्या. एवढ्यांचे पत्ते एका वहीत मावतात. ही प्रणाली पूर्णपणे मुक्त मात्र नव्हती, कारण मूळ युनिक्सचा परवाना एटी अँड टी कंपनीकडून घ्यावा लागे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू या संपूर्ण मुक्त प्रणालीची घोषणा केली, तेव्हा प्रणाली तयारच नव्हती. ती लिहायला मदत करा, असे ते आवाहन होते. लायनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी युजनेट या संगणकजालावर टाकलेला संदेश तर संकोचानेच भरलेला आहे: आपण छंद म्हणून काहीतरी करतो आहोत, ते फार मोठे होणार नाही, तुम्हाला काय हवे ते कळवा, असा त्याचा आशय. पुढच्याच महिन्यात लिनक्सची ०.०१ ही आवृत्ती निघाली. तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. १४ मार्च १९९४ रोजी १.० आवृत्ती आली तेव्हा हेलसिंकी विद्यापीठाच्या सभागृहात समारंभ झाला. माझ्या मते या साऱ्या घोषणांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या प्रामाणिकपणात आहे. विकायचे काही नसल्यामुळे काय चालते यासोबत काय चालत नाही हेही सांगायला संकोच नव्हता. नव्या आवृत्तीसोबत उणिवांची यादी जाहीर करण्याची पद्धत या मंडळींनी रूढ केली. औषधाच्या वेष्टनातील सूचनापत्रासारखीच ती वाचायची असते, आणि तितकीच ती दुर्लक्षित राहते.

आवृत्तीचा क्रमांक हीसुद्धा एक बातमीच असते. आज अनेक प्रणाली क्रमांकाचे तीन भाग करतात. शेवटचा आकडा वाढला तर फक्त दोषदुरुस्ती. मधला वाढला तर नवी सोय, पण जुने काम चालू राहील. पहिला वाढला तर सावध, जुने काम अडू शकेल. पायथॉन भाषेचा पहिला आकडा २ वरून ३ झाला तो डिसेंबर २००८ मध्ये, आणि जुनीची देखभाल थांबली १ जानेवारी २०२० रोजी. अकरा वर्षे दवंडी पिटूनही कित्येक प्रयोगशाळा शेवटच्या महिन्यापर्यंत जाग्या झाल्या नाहीत. शास्त्रज्ञ मंडळी या बाबतीत इतरांहून शहाणी असतात असे समजू नये.

आता आपल्याकडे वळू. विदेश संचार निगमने इंटरनेट सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि तीही मोजक्या महानगरांत. त्या काळात एका सीडीवर मावणारा, म्हणजे सुमारे ६५० मेगाबाइटचा, लिनक्सचा संच दूरध्वनीवरून उतरवायचा असे कोणी ठरवले असते, तर सेकंदाला १४,४०० बिट वेगाच्या मोडेमला सुमारे १०० तास लागले असते. चार दिवस-रात्र दूरध्वनी अडकलेला, आणि सोलापूरसारख्या गावातून तर एसटीडीचे बिल निराळे! विद्यार्थ्यांकडून हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे.

यावरचा उपाय एका मासिकाने काढला. पीसी क्वेस्ट या इंग्रजी मासिकाने १९९६ पासून अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली, आणि पुढे दर वर्षी नव्या आवृत्तीची सीडी येत राहिली. या उपक्रमामागची प्रमुख व्यक्ती म्हणजे अतुल चिटणीस. जन्म बर्लिनचा, शिक्षण बेळगावात, कर्मभूमी बंगळूर. मासिक जिथे पोचेल तिथे नवी आवृत्ती पोचली, आणि सोबत ती संगणकावर कशी चढवायची याचा लेखही. चिटणीस यांनी २००१ साली बंगळूरला लिनक्सचे संमेलन सुरू केले; पुढे त्याचे नाव एफओएसएस डॉट इन झाले. त्यांचा आग्रह हळूहळू बदलत गेला. नवी आवृत्ती घ्या एवढे सांगून भागत नाही, तिच्यात भर घालणारे हात भारतात तयार झाले पाहिजेत, असे ते म्हणू लागले. जून २०१३ मध्ये वयाच्या ५१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तसे हात तयार झाल्याचे उदाहरण मुंबईत आहे. रुषभ मेहता यांनी २००८ साली स्थापन केलेल्या कंपनीने जमाखर्च, साठा, उत्पादन असे कारखान्याचे व्यवहार सांभाळणारी ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली मुक्त स्रोत म्हणून खुली केली. तिच्याखालचा माग म्हणजे फ्रापे हे फ्रेमवर्क, पायथॉन भाषेत लिहिलेले. त्याची १३वी मोठी आवृत्ती २०२१ मध्ये आली, १४वी २०२२ मध्ये आणि १५वी २०२३ मध्ये. बाहेरून येणारी दवंडी ऐकणारा आपला प्रदेश आता स्वतःही ती देऊ लागला आहे.

दवंडी दिली, पण ज्याने ऐकायची त्यालाच ऐकू गेली नाही, तर काय होते? अपाचे स्ट्रट्स हे जावा भाषेतील मुक्त स्रोत फ्रेमवर्क. संकेतस्थळाकडे फाइल पाठवताना सोबतच्या माहितीत आज्ञा दडवली तर सर्व्हर ती निमूटपणे पाळतो, असा दोष त्यात सापडला. कर्त्यांनी ७ मार्च २०१७ रोजी दुरुस्त आवृत्त्या जाहीर केल्या. एक्विफॅक्स ही अमेरिकेतील नागरिकांच्या कर्जव्यवहारांच्या नोंदी ठेवणारी कंपनी. तिच्या सुरक्षा विभागाने ९ मार्चला चारशेहून अधिक कर्मचाऱ्यांना ई-मेल पाठवून ४८ तासांत दुरुस्ती करण्यास सांगितले. पण ज्याला आपल्या प्रणालीत स्ट्रट्स आहे हे ठाऊक होते, तो कर्मचारी त्या यादीत नव्हता. तपासणी केली, तीत काही आढळले नाही. दवंडी चोरांनाही ऐकू जातेच; १० मार्चलाच कोणीतरी येऊन कडी सैल आहे हे पाहून गेले होते. मे ते जुलै माहिती चोरीस जात राहिली. येणारी-जाणारी माहिती तपासणाऱ्या यंत्राचे प्रमाणपत्र जानेवारी २०१६ मध्येच संपलेले होते. २९ जुलैला ते नवे केले आणि त्याच दिवशी चोरी उघडकीस आली. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली होती.

कर्त्यांकडे वापरणाऱ्यांची यादी नाही ही अडचण आजही तशीच आहे. तेव्हा आता यादी उलट बाजूने करायला सांगितले जाते: वापरणाऱ्याने आपल्या प्रणालीत कोणकोणते घटक, कोणत्या आवृत्तीचे आहेत हे लिहून ठेवायचे, बिस्किटाच्या पुड्यावर घटकपदार्थ छापतात तसे. म्हणजे दवंडी झाली की आपले नाव तीत आहे का हे ताबडतोब पाहता येते. अमेरिकेच्या सरकारने मे २०२१ च्या आदेशात अशा यादीची अपेक्षा मांडली. भारतात संगणक सुरक्षेची जबाबदारी असलेल्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, आणि जुलै २०२५ मध्ये त्या सूचनांचीही दुसरी आवृत्ती निघाली.