चौकटीतला महानायक आणि चौकटीबाहेरची माणसे

चित्रकथांचे वाचक आपल्या सुपरहिरोविषयी हिरीरीने वाद घालतात. पुस्तकातला खरा की पडद्यावरचा? वणी, पुसद, दिग्रसच्या महाविद्यालयांत शिकणारी आपली मुलेही हाच वाद घालतात. मात्र त्यांच्या वादाचा नायक कल्पित नाही. चित्रकथेतले बाबासाहेब, चित्रपटातले बाबासाहेब आणि मालिकेतले बाबासाहेब ह्यांपैकी खरे कोणते, असा त्यांचा प्रश्न आहे. हा वाद पोरकट समजून सोडून देता येणार नाही. कारण माध्यम बदलले की नायकासोबत दाखविला जाणारा समाजही बदलतो, आणि त्या समाजात आपले आजे-पणजे आहेत.

चळवळीचे पहिले लोकमाध्यम जलसा. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा बाज घेतला आणि त्यातला देवधर्म बाजूला सारला. मेलेली ढोरे ओढावी की नाही, पोराला शाळेत घालावे की नाही, ह्यावर जलशातली साधी माणसे हुज्जत घालीत. विचार बाबासाहेबांचा होता. बोलत होता तो महारवाड्यातला माणूस.

२ एप्रिल १९६७ रोजी संसदेच्या आवारात शिल्पकार बी. व्ही. वाघ ह्यांनी घडविलेल्या पुतळ्याचे अनावरण झाले. कोट, हातात ग्रंथ, पुढे केलेले बोट ही ठेवण पुढे गावोगावच्या पुतळ्यांतून आपल्या ओळखीची झाली. ज्या गावाने आपल्याला चावडीवर बसू दिले नाही, त्या गावाच्या चौकात असा पुतळा उभा राहणे हाच एक हक्काचा दावा होता. पण पुतळा एकटा असतो.

अनंत पै ह्यांच्या अमर चित्र कथेने १९७९ साली बाबासाहेबांवर अंक काढला. चित्रे दिलीप कदम ह्यांची होती. देवादिकांच्या आणि राजेमहाराजांच्या रांगेत अस्पृश्य घरातला मुलगा नायक म्हणून बसला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्या मालिकेचा साचा आधीच ठरलेला होता: संकट, तेजस्वी नायक, विजय. थोडक्या पानांत अख्खे आयुष्य बसवायचे म्हटले की समूह मागे सरतो आणि चौकटीत एकटा नायक उरतो.

जब्बार पटेल ह्यांच्या, २००० साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटात मामुटी ह्यांनी बाबासाहेबांतला माणूस उभा केला. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१९-२० मध्ये स्टार प्रवाहवरील मालिकेने हे चरित्र रोज संध्याकाळी घराघरांत नेले. दोहोंचे मोल आहे. तरीही अभिनेता केवढा उठून दिसला, ह्यापाशीच आपली चर्चा थांबते.

२०११ साली आलेल्या ‘भीमायन’ ह्या चित्रग्रंथाने निराळी वाट धरली. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम ह्या परधान गोंड कलावंतांनी चौकोनी चौकटीच नाकारल्या. विषारी बोलण्याच्या फुग्यांना त्यांनी विंचवाची नांगी दिली. महाडच्या सभेतले ध्वनिक्षेपक तेथे पाण्याचे फवारे होतात. केळापूर, घाटंजी, झरी जामणीच्या वाचकाला ह्याचे अप्रूप वाटावे. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. बाणा वाजवून वंशकथा सांगणारे. त्यांनी आपल्या कथनपरंपरेत बाबासाहेबांना घेतले आहे.

ह्याच्या उलट टोकाला शंकर ह्यांचे १९४९ सालचे व्यंगचित्र आहे. त्यात राज्यघटनारूपी गोगलगायीवर बाबासाहेब बसले आहेत आणि मागे नेहरू चाबूक उगारून उभे आहेत. ते अकरावीच्या पाठ्यपुस्तकात छापले गेले, आणि मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. पुण्यात सुहास पळशीकर ह्यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. त्या चित्राने आपल्या मुलांना झालेली वेदना खरी होती. मोडतोडीने मात्र तिचे उत्तर मिळाले नाही. चित्राला उत्तर चिकित्सेने द्यावे लागते.

मग कसोटी कोणती? ती स्वतः बाबासाहेबांनीच दिली आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी विभूतिपूजेवर कठोर टीका केली आणि थोर पुरुषाची परीक्षा त्याच्या सामाजिक प्रेरणेत शोधली. ही कसोटी महाडला लावून पाहावी. १९२३ साली बोले ह्यांचा ठराव झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे ठरविले, पण पाण्याला हात लावणे कोणाला शक्य झाले नाही. रा. बा. मोरे आणि अनंतराव चित्रे ह्यांनी परिषदेची तयारी केली. २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे तळ्यावर गेली, आणि परतताना त्यांनी मार खाल्ला. उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. म्हणजे पुरी दहा वर्षे! चित्रात मात्र एक ओंजळ उरते. सुपरहिरो एका उडीत जग वाचवतो आणि लोक टाळ्या वाजवतात. महाडला टाळ्या वाजवणारे कोणीच नव्हते. जे होते ते सारे पाणी प्यायला आले होते.

म्हणून विद्यार्थ्यांनी आपला वाद जरूर घालावा. फक्त प्रत्येक चित्रापुढे एक प्रश्न विचारावा: ह्यातली बाकीची माणसे कुठे गेली? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेणाऱ्या लाखोंमध्ये आपल्या जिल्ह्यातली माणसेही होती. जी तेव्हा दहा वर्षांची पोरे होती, ती आज ऐंशीच्या आसपास आहेत. ती कशी गेली, भाकरी कुणी बांधून दिली, परतल्यावर घरातल्या देवांचे काय केले, हे त्यांच्याच तोंडून ऐकण्याची वेळ झपाट्याने सरते आहे. आपल्या हातात वह्या आहेत, चित्र काढणारी मुले आहेत. ती माणसे आपण चौकटीत आणली नाहीत, तर दुसरे कोणी आणणार नाही.