वयाच्या मानाने उत्तम

जुन्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्यांचं एक लाडकं वाक्य आहे : ‘कंडिशन गुड, ॲज पर एज.’ वयाच्या मानाने उत्तम. लग्नाचं राहिलेल्या भाच्याबद्दल मावशी बोलते, तोच सूर. एवढ्याशा वाक्यात वाळवीने खाल्लेला कोपरा, चहाचा डाग, मागून लावलेली सेलोटेप आणि कुणा भल्या माणसाने केलेलं लॅमिनेशन, असं सगळं मावतं. गेली चार वर्षं मी या वाक्याशी भांडतोय. कारण मी मिलची तिकिटं गोळा करतो.

रेल्वेची नव्हेत, कापडाची. साधारण पोस्टकार्डाएवढा, कधी त्याहून बराच मोठा, झगमगीत रंगांत छापलेला कागद. कापडाच्या ताग्यावर तो चिकटवलेला असायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरचं कापड मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांत उतरायचं आणि तिथून गावोगावच्या दुकानांत जायचं. गिऱ्हाइकाला इंग्रजी येत नाही, बहुतेकांना वाचताही येत नाही, मग माल ओळखायचा कसा? चित्रावरून. हत्तीवाला द्या, घड्याळवाला द्या, बाळकृष्णवाला द्या. बाजारात याला तिकीट म्हणत, टिका म्हणत, छाप म्हणत. पुढे परळ-लालबागच्या गिरण्यांनीही आपापली तिकिटं काढली. २०२५मध्ये बेंगळुरूच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीने यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, आणि त्यानंतर विक्रेत्यांचे भाव असे काही चढले की विचारू नका.

हे चित्र म्हणजे नुसती सजावट नव्हती, ती व्यापाऱ्याची मालमत्ता होती. भारतात ट्रेडमार्क नोंदवायचा कायदा आला तो थेट १९४०मध्ये. त्याआधी छापावरून भांडण झालं, की ‘हे चित्र आधीपासून आमचं’ हे कोर्टात सिद्ध करावं लागे. समोरच्याच्या हत्तीची सोंड आपल्या हत्तीसारखीच वर गेलीय का, यावर बॅरिस्टर लोक गंभीरपणे वाद घालत असणार. १८८९च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्याने कापडावर त्याची लांबी वारांत छापणं सक्तीचं केलं. कारण उघड आहे, माप मारलं जात होतं. म्हणजे तागा हातात घेतला की त्याच्यावर आकडा असे आणि तिकीट असे. आकडा कायद्यासाठी, चित्र माणसासाठी.

आता ‘कंडिशन’कडे येतो. जुन्या छापील कागदाच्या तुकड्याला दहापैकी मार्क द्यायची पद्धत आपली नाही. ती आली अमेरिकेतल्या बेसबॉल कार्डांमधून. तिकडे सिगारेटच्या पाकिटात, नंतर बबलगमसोबत खेळाडूंची कार्डं मिळत. पोरं ती सायकलच्या चाकात अडकवत, भिंतीवर पिचत, खिशात चुरगाळत. यथावकाश पोरं मोठी झाली, पैसेवाली झाली आणि कार्डांचा बाजार उभा राहिला. १९९१मध्ये पीएसए नावाची कंपनी निघाली. कार्ड तपासायचं, एक ते दहा ग्रेड द्यायची आणि प्लॅस्टिकच्या डबीत सील करायचं, हे तिचं काम. तिने ग्रेड दिलेलं पहिलं कार्ड होतं होनस वॅग्नर या खेळाडूचं, १९०९ ते १९११च्या मालिकेतलं. त्याचा तेव्हाचा मालक होता आइस हॉकीचा बादशहा वेन ग्रेट्स्की. कार्डाला आठ ग्रेड मिळाली, २००७मध्ये ते २८ लाख डॉलरला गेलं. आणि २०१३मध्ये ज्या डीलरच्या हातून ते आधी गेलं होतं, त्याने कबूल केलं, की कडा सरळ दिसाव्यात म्हणून त्याने त्या कापल्या होत्या. कापलेल्या कार्डाला खरं तर ग्रेडच मिळायला नको. जगातलं सगळ्यांत प्रसिद्ध ‘चांगल्या अवस्थेतलं’ कार्ड चांगल्या अवस्थेत होतं, कारण कुणीतरी त्याला कात्री लावली होती.

ही गोष्ट कळल्यापासून मी कडांकडे फार बघतो. आपल्याकडे कात्री लागते ती वेगळ्याच कारणाने : फ्रेम. फ्रेम आठ बाय सहाची, तिकीट थोडं मोठं, मग काय, काप. गिरगावाशी नातं असलेल्या राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांचंही हेच झालं. रविवर्म्याने १८९४मध्ये गिरगावात छापखाना काढला, पहिलं चित्र छापलं शकुंतलेच्या जन्माचं. नंतर छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या ताब्यात आला आणि १९७२मध्ये आगीत जळाला. आज त्या प्रेसची चित्रं ओळखायची ती खालच्या समासात छापलेल्या नावावरून, आणि तोच समास घरोघरी फ्रेमवाल्यांनी कापून टाकलेला. तिकिटांच्या खालच्या कडेलाही कधीकधी मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याचं नाव किंवा नमुन्याचा क्रमांक असतो. तो गेला, की तिकीट अनाथ होतं.

म्हणून मी विकत घेण्याआधी प्रश्न विचारतो, आणि विक्रेते वैतागतात. त्यातल्या एकाशी झालेला संवाद जसाच्या तसा :

‘पाठीचा फोटो पाठवाल का?’

‘सर, पाठ कोरी आहे.’

‘कोऱ्याच पाठीचा पाठवा.’

‘सर, कोऱ्या कागदाचा काय फोटो काढणार?’

लिस्टिंगवर लिहिलं होतं : ‘मिंट, अनयूज्ड, १०० वर्षं जुनं.’ किंमत १,८००. घरी आलं तेव्हा पाठ कोरीच होती, भाऊ खोटं बोलला नव्हता. फक्त खालची कड तीनेक मिलिमीटर कापलेली होती आणि फोटोत ती जागा त्याच्या अंगठ्याखाली होती. मी लिहिलं, तर उत्तर आलं, ‘आधीच्या मालकाने केलं असेल, सर. शंभर वर्षांचा कागद आहे, एवढं चालायचंच.’ अकरा दिवसांच्या घासाघिशीनंतर अर्धे पैसे परत आले. तिकीट मी ठेवून घेतलं.

खोटं तिकीट ओळखणं त्यामानाने सोपं. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग घ्यायचं. जुनी तिकिटं दगडी शिळांवर छापली जात, प्रत्येक रंगाची शिळा वेगळी. देवीच्या गालावरची लाली भिंगाखाली पाहिली, तर माणसाने हाताने टोचलेले ठिपके दिसतात : काही दाट, काही विरळ, एकाही दोघांचं माप सारखं नाही. आजच्या ऑफसेटचे ठिपके मात्र शाळेच्या कवायतीसारखे ओळीत उभे. दुसरी चाचणी म्हणजे नोटा तपासायचा जांभळा टॉर्च. साधारण १९५०नंतरच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं येऊ लागली. असा कागद त्या उजेडात निळसर चमकतो. चहात बुडवून म्हातारा केलेला नवा कागद इथेच पकडला जातो. चोरबाजारातल्या एका दुकानदाराने मला ही चाचणी करताना बघितलं आणि म्हणाला, ‘साहेब, तिकीट घेताय की कस्टममध्ये आहात?’

तर खरं-खोटं कळतं. अवघड प्रश्न असतो तो चांगल्या-वाईटाचा.

इंग्लंडमधल्या एका विक्रेतीकडून मी सहा तिकिटं एकत्र घेतली. बाई भलतीच प्रामाणिक. प्रत्येक तिकिटाखाली दोषांची यादी, पाठीचे फोटो न मागता दिलेले. सहातल्या पाचांना तिने ‘एक्सलंट’ दिलं होतं, एकाला ‘पुअर’. पुअरवर यशोदा-कृष्ण होते. वरचा डावा कोपरा गेलेला, मधोमध घडी, पाठीला पिवळट खळ आणि त्या खळीत अडकलेले बारीक पांढरे धागे.

ते धागे मी भिंगातून बराच वेळ बघत बसलो. ते कापडाचे होते. सहातलं हे एकच तिकीट खरोखर ताग्यावर चिकटलं होतं, बोटीत किंवा गाडीत बसलं होतं, दुकानात गेलं होतं. बाकीची पाच छापखान्याच्या नमुनावहीत नाहीतर व्यापाऱ्याच्या कपाटात पडून राहिलेली. म्हणून तर ती मिंट. दुकानाचं तोंड न पाहिलेल्या तिकिटाला आपला बाजार दहापैकी नऊ देतो, आणि ज्याने काम केलं त्याला दोन.

हे तिकीट मी आजीला दाखवलं. आजोबा मिलमध्ये होते, फोल्डिंग खात्यात; लालबागच्या ज्या चाळीत त्यांचं सगळं आयुष्य गेलं तिथेच आजी अजून राहते. तिने चष्मा न लावता, बोटांनीच कागद तपासला. म्हणाली, ‘अरे, हे पाण्यात भिजवून सोडवलंय. नुसतं ओढलं असतं, तर यशोदा अर्धी ताग्यावर राहिली असती.’ मग म्हणाली, ‘आमच्या ट्रंकेला आतून होतं एक. लक्ष्मीचं. ट्रंक उघडली की आधी ती दिसायची.’ ती ट्रंक कधीच भंगारात गेली. मी विचारलं, की आजोबा असली तिकिटं लावायचे का. ती म्हणाली, ‘हाताला खळ असायची त्यांच्या. कशाला लावायचे ते मी कधी विचारलं नाही.’

‘पुअर’ ग्रेडमधली घडी, खळ, भिजल्याची लाट या सगळ्यांचा अर्थ मग बदलतो. कुणीतरी तागा संपल्यावर ते चित्र फेकलं नाही. वाटीभर पाणी घेऊन, धीर धरून ते सोडवलं. गंमत अशी, की हाच बाजार रविवर्म्याच्या चित्रांबाबत वेगळा वागतो. कित्येक घरांतल्या बायकांनी त्या छापील लक्ष्मी-सरस्वतीला जरीची साडी नेसवली, टिकल्या आणि मणी शिवले. कागदाला सुई लावली, म्हणजे नियमाने हेही डॅमेजच. पण त्याला ‘एम्बेलिश्ड’ म्हणतात आणि जास्त पैसे लावतात. वापराची खूण दिसायला सुंदर असली, की ती कला. खळ असली, की डाग.

एक तिकीट मला फार हवं आहे. ३१ जुलै १९२१ला परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात, उमर सोबानी यांच्या जागेत, गांधीजींनी विदेशी कापडाची होळी पेटवली. म्हणजे आजच्या प्रभादेवी स्टेशनच्या परिसरात. त्या ढिगात मँचेस्टरचे बाळकृष्ण आणि मँचेस्टरच्या लक्ष्म्या नक्कीच असणार. देवाचं चित्र जाळायचं का, असा प्रश्न तिथे कुणाला पडला असेल का, हे मला नेहमी वाटतं. नऊ वर्षांनी, १२ डिसेंबर १९३०ला, काळबादेवीत विदेशी कापडाची लॉरी अडवताना बाबू गेनू तिच्याखाली गेला. तो गिरणी कामगार होता. त्या काळात गिरण्यांच्या तिकिटांवर भारतमाता आणि गांधी आले. चित्राची जागा तीच, काम तेच, फक्त देव बदलले. त्या काळातलं, कडेला जळालेलं एखादं तिकीट कुणाच्या तरी वहीत असू शकतं. विक्रेता त्याला ‘बर्न डॅमेज’ लिहील आणि दोनशे रुपयांत देईल.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आमच्या चाळीतल्या गॅलरीतून आता टॉवर दिसतात. परळची जेकब ससून मिल इंडिया युनायटेड नंबर एक झाली होती. त्याच समूहाची सहा नंबरची, दादरच्या चैत्यभूमीशेजारची इंदू मिल, तिथे बाबासाहेबांचं स्मारक उभं राहतंय. काळाचौकीच्या दोन आणि तीन नंबरच्या जागेत कापड उद्योगाचं संग्रहालय करायचं ठरलेलं आहे. तिथे तिकिटं लावतील, तेव्हा ती स्वच्छ पांढऱ्या माउंटवर, पुढची बाजू दाखवत लावतील अशी मला धास्ती आहे. पाठ कुणाला दिसणार नाही.

माझ्या स्प्रेडशीटमध्ये आता दोन रकाने आहेत. एकात विक्रेत्याची ग्रेड, दुसऱ्यात मी लिहितो ते : खळ, धागे, शिक्का, घडी, पाणी, खिळ्याचं भोक. भाव करताना मी पहिल्या रकान्याचाच आधार घेतो. विक्रेत्यांच्या नियमाने विक्रेत्यांशी बोलायचं. धागेवालं तिकीट मला बाकीच्या पाचांच्या निम्म्या भावात पडलं, आणि बाईंनी वर दिलगिरीही व्यक्त केली.

सध्या एका लॉटवर माझी नजर आहे. ई. डी. ससून कंपनीचं तिकीट, वरून जांभळ्या शाईचा शिक्का, त्यामुळे चित्रातल्या बाईचा चेहरा अर्धा झाकलेला. शिक्क्यात आकडा दिसतो, वार असावेत किंवा गोदामाचा नंबर. फोटो धूसर आहे. लिलाव रविवारी रात्री संपतो. विक्रेत्याला मी पाठीचा फोटो मागितलाय. त्याचं उत्तर आलंय : ‘सर, मागची बाजू खूप घाण आहे, पाठवू का?’