बुद्धपौर्णिमेची पाणवठा गणना (मेळघाट)

पाणवठा गणना किंवा मचाणगणना ही वैशाख पौर्णिमेच्या रात्री जंगलातील पाणवठ्यांवर येणाऱ्या वन्यप्राण्यांची नोंद घेण्याची पद्धत आहे. अमरावती जिल्ह्यातील मेळघाट व्याघ्र प्रकल्पात, तसेच महाराष्ट्रातील इतर अभयारण्यांत ती रूढ आहे. अलीकडे वनविभाग हा उपक्रम 'निसर्गानुभव' या नावाने राबवतो. वैशाख पौर्णिमा हीच बुद्धपौर्णिमा असल्याने गणनेला ते नाव चिकटले; तिचा धार्मिक विधीशी संबंध नाही.

== रात्रीची निवड ==

मेळघाटाचे जंगल सागाचे, शुष्क पानगळीचे आहे. सिपना, खापरा, खंडू, गडगा आणि डोलार या तापीच्या खोऱ्यातील नद्या वैशाखात बऱ्याच ठिकाणी आटतात. पाणी मोजक्या डोहांत व कृत्रिम पाणवठ्यांत उरते आणि प्राण्यांना तेथे यावेच लागते. झाडांची पानेही गळालेली असतात, त्यामुळे दृष्टी दूरवर जाते.

पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवून जवळजवळ रात्रभर आकाशात राहतो. त्याचा प्रकाश सूर्यप्रकाशापेक्षा सुमारे ४ लाख पट मंद असतो. कोजागरीचा चंद्र मध्यरात्री बहुधा माथ्याजवळ येतो, तर वैशाखातला दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून झाडांच्या सावल्या पाण्यावर लांब पडतात. इतक्या कमी उजेडात मानवी डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी जवळपास निकामी ठरतात व दंडपेशींवर भिस्त राहते. परिणामी सांबर आणि नीलगाय यांतला फरक रंगावरून नव्हे, तर बांधा, शिंगे व चालीवरून करावा लागतो.

== पद्धत ==

पाणवठ्याजवळच्या झाडावर बांधलेल्या मचाणावर वनकर्मचारी व निसर्गप्रेमी साधारण २४ तास बसतात. प्राण्याची जात, संख्या, येण्याची वेळ आणि ओळखता आल्यास नर-मादी अशी नोंद होते. विजेरी व बोलणे टाळले जाते. रानगवा, सांबर, भेकर, अस्वल, रानकुत्रे, साळिंदर, क्वचित बिबट्या किंवा वाघ नोंदले जातात. कोरकू भाषेत वाघाला 'कुला' म्हणतात.

== विश्वसनीयता ==

या आकड्यांना प्राण्यांची एकूण संख्या मानणे चुकीचे आहे, तरी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ते तसेच येतात. एकच सांबर दोनदा आले तर दोन ठरतात. जे त्या रात्री आलेच नाही ते मोजले जात नाही. वळवाचा पाऊस पडला की ठिकठिकाणी डबकी साचतात आणि पाणवठा ओस पडतो, म्हणजे प्राणी कमी झाले असे नव्हे. शिवाय काही भक्ष्य प्राणी चांदण्यात उघड्यावर येणे टाळतात, म्हणजे पाहणाऱ्याला सोयीची रात्र त्यांना गैरसोयीची असू शकते. वाघांच्या राष्ट्रीय अंदाजासाठी २००६ पासून स्वयंचलित कॅमेरे व सांख्यिकी यांचा आधार घेतला जातो. त्यात प्रत्येक वाघ त्याच्या पट्ट्यांवरून वेगळा ओळखता येतो. मचाणावरून ते क्वचितच साधते. त्याच पाणवठ्यावर वर्षानुवर्षे घेतलेल्या नोंदी मात्र कोणत्या जाती तेथे येतात हे पाहण्यास उपयोगी पडतात.

== आख्यायिका ==

मेळघाटाची पुराणातली रात्र मात्र अंधारी आहे. महाभारताच्या विराटपर्वात भीम कीचकाला रात्री नर्तनशाळेत ठार करतो. स्थानिक समजुतीनुसार त्याने प्रेत येथील दरीत फेकले, त्यावरून 'कीचकदरा' व पुढे 'चिखलदरा' हे नाव आले. भीमाने हात धुतल्याचे सांगितले जाणारे भीमकुंड चिखलदऱ्याजवळच आहे.