बाटली नंबर ५३-एन

परवा आईच्या दवाखान्याच्या कागदांची पिशवी आवरायला घेतली. साडीच्या दुकानाची जुनी पिशवी, आत पंधरा वर्षांचे रिपोर्ट, अर्धे तर पुसट झालेले. हे अचानक सुचलं नाही. दोन महिन्यांपूर्वी एका दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या औषधाची ॲलर्जी?" आणि आम्हा तीन भावंडांची तीन उत्तरं! कागद घरी. नको ते इंजेक्शन गेलं, आईच्या अंगभर गांधी उठल्या, ती अख्खी रात्र आम्ही जागून काढली.

तेव्हापासून मला मुल्कोवाल आठवतंय.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ओडेसाचा वाल्देमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत कामाला लागला आणि तीनेक महिन्यांत त्याने लस केली. १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई त्याने स्वतःलाच टोचून घेतली. (आपल्याकडे नेते फोटोपुरते बाही वर करतात, ते वेगळं.) पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. तिथून लाखो डोस देशभर जाऊ लागले.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल, आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे गेले. एकोणीस घरं.

आता बघा, कुणाला कुठल्या बाटलीतून टोचलं हे माहीत होतं, म्हणून कळलं की हे एकोणीसही एकाच बाटलीचे, ५३-एन. बाकीच्या चार बाटल्यांमधून टोचलेल्या ८८ जणांना धनुर्वात झाला नाही. ही नोंद नसती तर? 'लस घेतली की माणूस मरतो' एवढंच गावोगाव पसरलं असतं. तसंही ते पसरायचं थांबलं नाहीच.

पण नोंद असून चालत नाही, ती नीट वाचावी लागते. चौकशी समितीने ठरवलं की घाण परळलाच शिरली. हाफकिनने लसीच्या कृतीतून कार्बोलिक ॲसिड काढून उष्णतेवर भर दिला होता, त्यावर बोट ठेवलं. त्याला कामावरून दूर केलं. तो ज्यू होता, परका होता, आणि डॉक्टरकीची पदवीही नव्हती. फ्रान्समधल्या ड्रायफस प्रकरणाशी लोकांनी याची तुलना केली ती उगाच नाही.

आणि साक्षीत काय होतं? बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर तापवायला हवा होता. त्याने नुसता कार्बोलिकच्या पाण्यात विसळला आणि वापरला. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला काही वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू आत आधीपासून वाढत असते तर दुर्गंधी सुटली असती.

हे सगळं समितीपुढे होतं! तरी रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांना १९०७ मध्ये 'टाइम्स'मध्ये पत्र लिहावं लागलं. त्या वर्षअखेरीस हाफकिन निर्दोष ठरला. पाच वर्षं गेली. भारतात परत आला तो कलकत्त्याला, परळला नाही. परळच्या संस्थेला त्याचं नाव मिळालं १९२५ साली.

त्या मदतनिसाचा मला राग येत नाही, खरं सांगतो. समोर रांग, गावात प्लेग, हातून चिमटा पडला. कुणाच्याही हातून पडेल. राग येतो तो ज्यांनी आरामात बसून, समोरचा कागद न वाचता निकाल दिला त्यांचा. आमचाही कागद होताच की, फक्त तो साडीच्या पिशवीत होता.

आता आईच्या फाईलच्या पहिल्याच पानावर त्या औषधाचं नाव लाल शाईने लिहिलंय. एक प्रत फ्रिजवर, एक तिच्या पर्समध्ये, फोटो तिघांच्या फोनमध्ये. लशीच्या कार्डावर बॅच नंबरचा रकाना असतो, तोही शोधून बघितला. आईच्या कार्डावर तो कोराच आहे.