स्वरलिपीतील सापेक्ष एकके

संगीत लिहून ठेवताना स्वराची उंची, त्याचा काळ आणि कागदावरील चिन्हांचे आकारमान ज्या एककांत दाखवतात, ती बहुतांशी सापेक्ष असतात. म्हणजेच हर्ट्‌झ, सेकंद किंवा मिलिमीटर अशा निश्चित मापांऐवजी ती दुसऱ्या एखाद्या घटकाच्या प्रमाणात सांगितली जातात. हिंदुस्थानी संगीतात षड्ज आणि मात्रा ही अशी दोन प्रमुख एकके होत.

षड्ज

षड्जाची उंची स्वरलिपीत दिलेली नसते. गायक काळी एकमध्ये गाणारा असो वा गायिका काळी चारमध्ये गाणारी, बंदिशीचे लेखन बदलत नाही. पंचमाची कंपनसंख्या षड्जाच्या 3/2 पट असते, हे नाते तेवढे कायम राहते.

मात्रा

मराठी छंदशास्त्रात लघू अक्षराची एक व गुरू अक्षराची दोन मात्रा धरतात. ते मापही घड्याळाचे नव्हे, प्रमाणाचेच आहे. संगीतातील मात्रेची लांबी लयीनुसार ठरते. मध्य लय विलंबिताच्या दुप्पट आणि द्रुत लय मध्याच्या दुप्पट, असा शास्त्रातील संकेत आहे. प्रत्यक्ष मैफलीत तो इतका काटेकोर पाळला जात नाही. अतिविलंबित एकतालातील एकच मात्रा चार-पाच सेकंद चालू शकते, तर द्रुत तीनतालात तेवढ्या अवधीत 16 मात्रांचे अख्खे आवर्तन होऊन जाते. लेखनात मात्र दोन्हीकडची मात्रा सारखीच दिसते.

भातखंडे आणि पलुस्कर पद्धती

मात्रेचे अंश कसे दाखवावेत, याविषयी महाराष्ट्रातील दोन संगीतकारांनी वेगवेगळे मार्ग स्वीकारले. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांच्या पद्धतीत एका मात्रेत येणारे सर्व स्वर एका अर्धवर्तुळाकार कंसावर लिहितात. कंसात चार स्वर असतील तर प्रत्येकी पाव मात्रा, तीन असतील तर प्रत्येकी एक तृतीयांश. आधीचा स्वर लांबवायचा असल्यास आडवी रेघ घालतात, आणि गीताचे अक्षर लांबवण्यासाठी अवग्रह लिहितात. म्हणजे येथे स्वराचा काळ त्याच्यावर लिहिलेला नसतो, शेजारच्यांच्या संख्येवरून तो काढावा लागतो.

विष्णु दिगंबर पलुस्कर (1872–1931) यांच्या पद्धतीत उलट प्रत्येक स्वराखाली काळाचे स्वतंत्र चिन्ह असते: एका मात्रेसाठी आडवी रेघ, अर्ध्या मात्रेसाठी शून्य, पाव मात्रेसाठी अर्धचंद्र. एका मात्रेत सा अर्धी आणि रे, ग पाव-पाव मात्रा घ्यायचे असल्यास भातखंडे पद्धतीत कंसावर ‘सा – रे ग’ एवढेच लिहिले जाईल. पलुस्कर पद्धतीत सा-खाली शून्य आणि रे, ग यांच्याखाली अर्धचंद्र येतील. दुसरे लेखन अधिक नेमके, पण वाचायला जड आहे. विद्यार्थ्याने या दोन पद्धतींची सरमिसळ विशेष टाळावी, कारण भातखंडे पद्धतीत जे शून्य खालीची खूण आहे, तेच पलुस्कर पद्धतीत अर्धी मात्रा दाखवते.

कागदावरील माप

पाश्चात्त्य स्टाफ पद्धतीत क्वार्टर नोट हा होल नोटचा चौथा भाग असतो. त्याचा प्रत्यक्ष काळ ठरवण्यासाठी मिनिटातील ठोक्यांची संख्या वेगळी द्यावी लागते. चिन्हांचे आकारही स्टाफच्या दोन लगतच्या रेषांमधील अंतरात मोजतात. स्वरचिन्हाच्या दांडीची सर्वसाधारण लांबी अशी साडेतीन अंतरे धरली जाते. त्यामुळे खिशातल्या पुस्तिकेसाठी पान लहान केले तरी सर्व प्रमाणे टिकून राहतात. म्युझिकएक्सएमएल या संगणकीय स्वरूपात याच अंतराचा दहावा भाग एकक मानला आहे.

देवनागरी स्वरलिपीत असे रेषांचे अंतर नसते. तेथे मात्रेचा स्तंभ ते काम करतो: वर स्वर, त्याखाली गीताचे अक्षर, त्याखाली तालचिन्ह, आणि तिन्ही एका उभ्या ओळीत. संगणकावर साध्या मजकुरात लिहिताना हे स्तंभ अक्षरांच्या कमीअधिक रुंदीमुळे सरकतात, आणि एक स्तंभ सरकला की सम चुकीच्या स्वराखाली जाते. तार सप्तकाचा बिंदू अनुस्वारासारखा आणि मंद्र सप्तकाचा नुक्त्यासारखा दिसतो, ही आणखी एक अडचण. म्हणून तीनतालाची बंदीश 16 स्तंभांच्या तक्त्यात बसवणे अधिक सुरक्षित ठरते; मात्रेत कितीही स्वर असले तरी ते एकाच चौकटीत राहतात.