मूत्रपिंडाचा आजार आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर

किडनीचा जुनाट आजार म्हणजे बिघडलेली गाळणी, हा समज पक्का रुजला आहे. पण हे रुग्ण दगावतात ते बहुतेकदा हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने. रक्तवाहिन्या मागाहून बिघडतात असे मानण्याची प्रथा आहे. इतिहास मात्र सांगतो की त्या पहिल्यापासून या आजारात सामील असतात. लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट सूज आलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत असे. अल्ब्युमिन हे प्रथिन असले की ती पांढरट होऊन साकळे. 1827 साली त्याने हा विकार मांडला. पुढे 1836 मध्ये शंभर रुग्णांचा आढावा घेताना त्याला अनेकांची हृदये जाड झालेली दिसली. बिघडलेले रक्त बारीक वाहिन्यांतून पुढे ढकलायला हृदयाला जादा जोर लावावा लागत असावा, हाही त्याचा एक तर्क होता. 1872 मध्ये गल आणि सटन या डॉक्टरांनी तर दोष शरीरभरच्या सूक्ष्म वाहिन्यांतच आहे, असे ठामपणे मांडले. पाटण्यात जन्मलेल्या दीन महंमद यांचा नातू फ्रेडरिक अकबर महंमद याने त्याच दशकात नाडीचा आलेख काढून दाखवले की लघवीत अल्ब्युमिन उतरण्याआधीच काहींचा रक्तदाब चढलेला असतो.

हा धागा नंतर मागे पडला, कारण वाहिनीच्या आतल्या अस्तराला, म्हणजे एन्डोथेलियमला, कोणी कामाचे समजत नव्हते. 1960 मध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी कायमस्वरूपी शंट, म्हणजे रक्त यंत्रात नेण्या-आणण्याची नळी, बसवून दीर्घकाळ डायलिसिस शक्य केले. रक्त शुद्ध होऊ लागले, तरी 1974 मध्ये तिथल्याच 39 रुग्णांच्या पाहणीत निम्म्याहून अधिक मृत्यू धमनीकाठिण्यामुळे झालेले आढळले. असे का होते, याचा एक दुवा 1980 मध्ये हाती लागला. रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर ॲसिटिलकोलीन टाकले; अस्तर शाबूत असलेली पट्टी सैल पडली, अस्तर घासून निघालेली पडली नाही. सैल करणारा तो पदार्थ नायट्रिक ऑक्साइड निघाला. 1992 मध्ये पॅट्रिक व्हॅलन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की किडनी निकामी झाल्यावर नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती रोखणारा एडीएमए हा पदार्थ रक्तात साठत जातो.

वाहिन्या पहिल्यापासून सामील असतात या मांडणीवर पहिला आक्षेप असा, की मधुमेह आणि रक्तदाब हेच खरे गुन्हेगार. किडनीला वेगळा दोष कशाला? हे दोन्ही विकार अस्तर बिघडवतात यात शंका नाही. पण हे दोन घटक हिशेबात धरूनही किडनीच्या रुग्णांत हृदयविकाराचा धोका जास्तच उरतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे. वाहिन्याच मुळाशी असतील, तर डायलिसिसवरील मधुमेही रुग्णांना 2005 च्या जर्मन चाचणीत स्टॅटिनने लक्षणीय फायदा का झाला नाही? कारण स्टॅटिन मुख्यतः कोलेस्टेरॉल उतरवते. एडीएमए किंवा वाहिन्यांत साचलेले कॅल्शियम त्याने हटत नाही. शिवाय तोवर उशीर झालेला असतो. म्हणूनच 2013 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात डायलिसिसवर गेलेल्यांना स्टॅटिन नव्याने सुरू करू नये, पण आधीच्या टप्प्यातल्या पन्नाशीपुढच्या रुग्णांना द्यावे, असे सुचवले आहे. तेव्हा रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढण्याची वाट पाहत बसणे परवडणारे नाही. मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांची लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी वेळेवर झाली, तर किडनीइतकाच हृदयाचाही इलाज लवकर सुरू करता येतो.